वलगण

मृगाचे दोन-तीन दणकट पाऊस झाले, ओहोळ भोगावतीला मिळाले, की मासे उलट्या पाण्याने शेतात चढतात. ही वलगण. खाचरात पाणी उथळ, पिल्लांना खायला किडे-शेवाळ भरपूर, म्हणून मादी अंडी घालायला वर येते. पोटात गाभोळी असते आणि लोकांना नेमकी तीच हवी.

मासे पूर्वीही मारायचेच. पण आमचा आजा ओहोळाचं निम्मं तोंड मोकळं ठेवायचा. "थोरी वर जाव दे रं, फुडल्या सालाला काय खाशील?" कालवणापुरती शिंगटी मिळाली की सापळा काढून घरी.

आता या काठापासून त्या काठापर्यंत जाळं. पनवेल-मुंबईच्या गाड्या येतात, रात्रभर बॅटऱ्या चमकतात. गावचीही पोरं असतातच त्यात. बादली भरली तरी हात थांबत नाही, फोटो काढायचा असतो ना! सुरुंग न् विष टाकून मासे मारायला कायद्याने बंदी आहे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, मासे वितात म्हणून. त्याच दिवसांत आमच्या ओहोळावर झुंबड. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी महसीरची पिल्लं वाढवली. आमच्या शिंगटीला कोण वाढवणार?

गावात मी म्हटलं, निम्मं तोंड मोकळं, घराला एक कालवण, रात्री कुणी उतरायचं नाही. लोक हसले. आम्ही तिघे आपापल्या बांधावर तेवढं पाळतो. शेजारचा म्हणतो, "काका, तुमचे सोडलेले मासे माझ्याच जाळ्यात येतात."

येतात खरे.