जीर्णोद्धार

आमच्या सिद्धेश्वरचें धरण १९६८ सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्याखालीं आमची थोडी जमीन गेली, आणि धाकटे काका पोटासाठीं मुंबईस जाऊन गिरणींत लागले. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला; काका गांवीं परतले ते गिरणीचा पास तेवढा घेऊन.

पुढें गिरण्यांच्या जागांचा प्रश्न निघाला. १९९१ च्या नियमान्वयें एक तृतीयांश जमीन परवडणाऱ्या घरांसाठीं मिळावयाची होती. २००१ सालीं हा हिस्सा केवळ रिकाम्या जागेपुरता उरला. फिनिक्स मिलच्या आवारांत भव्य बाजारपेठ आली. धुराडें तेवढें राखलें.

जुन्या वास्तूंत घरें होत नाहींत, असें मात्र नव्हे. व्हिएन्ना शहरांत एकोणिसाव्या शतकांतील चार प्रचंड गॅसटाक्यांच्या विटांच्या भिंती राखून २००१ पर्यंत आंत सुमारें सहाशें बिऱ्हाडांची सोय केली गेली.

आमच्या जवळच औंढ्यास नागनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनीं केला. वरचें बांधकाम नवें झालें, देव आपल्या गाभाऱ्यांतच राहिला. ‘जीर्णोद्धार’ शब्दाचा अर्थ मीं वर्गांत हाच शिकवीत आलों. धुराडें राखून कामगारास घालविणें, यास तें नांव कसें द्यावें?

२०१२ सालीं गिरणी कामगारांसाठीं ६,९२५ घरांची सोडत निघाली. काकांचें नांव त्यांत आलें नाहीं. ते गेले, काकूंनीं तो पास अद्याप देव्हाऱ्याच्या खणांत जपून ठेविला आहे. मुंबईहून कोणी आलें कीं त्या विचारतात, “यंदा कांहीं निघालें का हो?”