साहेब वाचतो का?

शिरूर

प्रिय बंड्या,

‘नोकरकपातीत मॅनेजर लोकांना सहसा हात लावत नाहीत ना रे?’ हा तुझा प्रश्न वाचला. डेट्रॉइटमधला माणूस रांजणगावच्या एचआरवाल्याला असं विचारतो, म्हणजे तिकडे पाणी गळ्याशी आलेलं दिसतंय. लावतात बाबा. हल्ली तर सर्रास तिकडेही हात जातो. फक्त बोभाटा होत नाही.

आमच्या एमआयडीसीत कसं चालतं ते सांगतो. ऑर्डर घटली की पहिली कुऱ्हाड कंत्राटी पोरांवर. ठेकेदाराला एक फोन : ‘उद्यापासून तीस पोरं कमी पाठवा.’ ना पत्र, ना नोटीस. कारेगाव-ढोकसांगवीच्या खोल्यांतली नांदेड-लातूरची पोरं त्याच आठवड्यात बॅगा भरतात. मंदी आली हे आमच्या खोलीमालकांना अर्थमंत्र्यांच्या आधी कळतं!

कायम कामगाराला असं फोनवर काढता येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं त्याला महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार दिला. कारखान्यात १०० किंवा जास्त कामगार असतील तर कपातीला सरकारची परवानगी लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता आली आणि १०० चे ३०० झाले, म्हणजे आवळलेली दोरी बरीच सैल झाली. तरी युनियन आहे, गेट मीटिंग आहे, कामगार आयुक्तांचं दार आहे. साहेबाला यातलं काहीच नाही. व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला कायदा कामगार धरतच नाही. सुपरवायझरसुद्धा जुन्या कायद्यात महिना १०,००० च्या वर गेला की बाहेर, नव्यात १८,००० च्या वर. मग साहेबाकडे उरतं काय, तर नेमणूकपत्र आणि त्यात लिहिलेली नोटीस.

शेजारच्या एका कंपनीतले प्रॉडक्शनचे साहेब, आपल्या दौंडचेच. चौफुला-न्हावरे रस्त्यानं रोज जा-ये, उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत. त्यांना वरून सांगितलं, खर्च कमी करा. त्यांनी इमानेइतबारे दोन लाइन एक केल्या, तिसरी शिफ्ट बंद केली, माणसं निम्म्यावर आणली. वरचे खूश झाले. मग वरच्यांनी हिशेब मांडला : एवढ्या माणसांना हा एवढा मोठा साहेब कशाला? एका दुपारी केबिनमध्ये बोलावलं, राजीनाम्याचा मसुदा पुढे ठेवला. कारण आधीच टाइप केलेलं होतं, ‘वैयक्तिक’. त्यानंतर ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन ते स्टोअर, कँटीन, आयटी, सिक्युरिटी असे सह्या गोळा करत फिरले. स्टोअरच्या ज्या पोराची रजा ते दर वेळी अडवायचे, त्यानं हेल्मेट आणि सेफ्टी शूज जमा झाल्याशिवाय सही केली नाही. संध्याकाळी गेटवर कुणी घोषणा दिल्या नाहीत. कंपनीच्या दप्तरी त्या महिन्यात कपात शून्य, राजीनामा एक.

म्हणून साहेब लोक वाचतात असं सगळ्यांना वाटतं. ते मोजलेच जात नाहीत. तुमच्याच डेट्रॉइटच्या जनरल मोटर्सचं बघ. तळेगावच्या कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये शेवटची गाडी निघाली. कामगारांची युनियन पुढे काही वर्षं भांडली, कोर्टात गेली, पेपरात आली. तिथल्या मॅनेजरांचं काय झालं, हे कधी कुठे वाचलंस?

अपवाद टीसीएसचा. जुलै २०२५ मध्ये त्यांनी १२,००० च्या वर माणसं कमी करायचं जाहीर केलं, एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के, आणि ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली असतील हेही उघड सांगितलं. त्या आठवड्यात पुण्यातल्या कितीतरी घरांत जेवण गेलं नसेल. त्याआधी गूगलच्या पिचाईंनीही मॅनेजर ते व्हाइस प्रेसिडेंट या जागा १० टक्क्यांनी कमी केल्याचं सांगितलं होतं. कारण सरळ आहे. एका मधल्या साहेबाच्या पगारात आमच्याकडे चार-पाच कंत्राटी पोरं येतात, आणि साहेब काही स्वतः मशीन चालवत नाही.

एक गंमत मात्र ऐकून ठेव. कोर्ट हुद्द्याची पाटी बघत नाही, काम बघतं. इथे युनियनपासून तोडायला, नोकरीत जेमतेम दोन वर्षं झालेल्या पोरालाही ‘एक्झिक्युटिव्ह’ करतात. तो रजा मंजूर करत नसेल, कुणाचं मूल्यमापन लिहीत नसेल, दिवसभर स्वतःच मोजमापं घेत बसत असेल, तर तो कामगारच आहे असं म्हणायला जागा राहते. आमच्या खात्याला हा मुद्दा फारसा आवडत नाही.

तुझ्याकडचा ‘वॉर्न’ कायदा मी चाळला. १०० किंवा जास्त नोकर असलेल्या कंपनीनं मोठी कपात करताना ६० दिवस आधी कळवायचं, आणि त्यात मॅनेजर-सुपरवायझरही धरतात. म्हणजे तू निदान हिशेबात तरी आहेस. पण स्वखुशीनं सोडून गेलेला त्यात धरत नाहीत. तेव्हा कुणी गोड बोलून ‘स्वतःहून द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ म्हणालं, तर चहा पी, हात मिळव आणि सही न करता बाहेर ये. वकील आधी, कागद नंतर. ते ‘रेकॉर्ड स्वच्छ’वालं वाक्य जगभर आमच्याच खात्यातून निघतं, म्हणून सांगतोय.

वहिनींना एवढ्यात काही बोलला नसशील, तर आजच बोल. आणि तुझ्या नेमणूकपत्राचा फोटो पाठव, नोटिशीचं कलम बघून ठेवतो.

तुझा,
घोडनदीवाला