होडीतला साप आणि मी न शिकवलेला धडा



साप हा पाठ शिकवताना मी फळ्यावर चार नावं हमखास लिहितो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे. मुलं एका सुरात ती म्हणतात. 'साप शेतकऱ्याचा मित्र' हे वाक्यही सगळ्यांना पाठ असतं. चाचणीत पूर्ण गुण पडतात, आपणही खूश. पण एका सकाळी भीमेच्या पाण्यावर माझीच चाचणी झाली आणि मी सपशेल नापास झालो. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

आमची शाळा उजनी धरणाच्या फुगवट्याजवळ. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील मासेमारी करतात. दिवाळीच्या सुट्टीत एका विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, "गुरुजी, एकदा चला की जाळं काढायला." मी लगेच तयार! पहाटे होडीत आम्ही तिघं. ते, त्यांचा सहावीतला मुलगा आणि मी. खरं सांगायचं तर मला पोहता येत नाही. अंगात जीवरक्षक जाकीटही नव्हतं. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

आदल्या सांजेला लावलेलं जाळं वर येऊ लागलं. चिलापी, मधेच एखादा रोहू. मुलगा मासे सोडवून टोपलीत टाकत होता. तेवढ्यात जाळ्याबरोबर काहीतरी वळवळत वर आलं. हातभराहून लांब, पिवळसर अंगावर काळे चौकोनी ठिपके. साप! माझ्यापासून दोन हातांवर.

मी काय केलं असेल? "मारा, मारा!" असं ओरडत ताडकन उभा राहिलो आणि मागे सरकलो. होडी एका अंगाला कलली, पाणी आत आलं.

"गुरुजी, खाली बसा! साप काय करीत न्हाय, तुमीच होडी पालथी घालाल!"

मुलाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सर, बसा ना. दिवड आहे ती." वर्गात मी त्याला ज्या आवाजात समजावतो, अगदी त्याच आवाजात.

मी मटकन बसलो. त्याच्या वडिलांनी जाळ्याचा तेवढा भाग होडीबाहेर धरला. वल्ह्याने सापाचं डोकं दूर ठेवलं आणि पात्याने जाळ्याचे चार-पाच धागे कापले. दिवडीने मान चपटी करून वल्ह्यालाच दोन चावे घेतले. मग ती सुटली आणि डोकं वर काढून नागमोडी पोहत लव्हाळ्यात गेली.

"जाळं नवीन होतं ना?" मी विचारलं.

"नवंच हाय. पण त्यो बी मासं धरायलाच आलता, आपल्यावानी." थोडं थांबून ते म्हणाले, "पयलं आमी बी मारायचो."

घरी आल्यावर विचार केला. दिवड, म्हणजे पुस्तकातला विरोळा, बिनविषारी आहे. मासे आणि बेडूक खाऊन जगते. पाण्यात राहत असली तरी श्वास हवेतच घेते, म्हणून जाळ्यात अडकली की गुदमरून मरते. हे सगळं मला माहीत होतं! तरी वेळ आली तेव्हा माझ्या पायांना ते माहीत नव्हतं. त्या होडीत तिघांच्या जिवाला धोका होता तो सापाचा नव्हता, माझा होता.

सुट्टीनंतर मी वर्गात दोन बाकं जोडून होडी केली. दोरीचा साप केला. "साप!" म्हटलं की ओरडायचं नाही, उठायचं नाही, हातपाय आत घेऊन बसायचं आणि मोठ्यांना सांगायचं. पहिल्यांदा सगळी होडी बुडाली. खूप हसलो. पाचव्या खेपेला सगळे जागच्या जागी बसून राहिले.

एका मुलीने विचारलं, "सर, बिनविषारी आहे तर हातात धरली तर चालेल?" अजिबात नाही. दिवड जोरात चावते. शिवाय ओळखण्यात आपली चूक होऊ शकते. रोज साप पाहणाऱ्या माणसानेही तिला हात लावला नाही, वल्हंच वापरलं. आपण अंतर ठेवायचं.

पालकांनो, घरी एवढं नक्की बोला. साप चावलाच तर जखम कापू नका, तोंडाने विष ओढू नका, करकचून दोरी बांधू नका. अंगठी, बांगड्या काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका, 108 ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. साप मारून बरोबर नेण्याचीही गरज नाही. आपल्याकडची सर्पविषावरची लस त्या चारही सापांच्या विषावर मिळून बनवलेली असते. आणि होडीत बसताना मुलाच्या अंगात जाकीट आहे ना, हे आधी पाहा.

फळ्यावरची चार नावं मी अजूनही लिहितो. पण त्याखाली आता पाचवी ओळ असते : 'आधी खाली बसा.' ती मला माझ्या विद्यार्थ्याने शिकवली.