आमच्या आजीचा डबा

(इयत्ता चौथी)

डबा म्हटला की सर्वांना आनंद होतो. घंटा वाजली की आम्ही हात धुऊन गोल बसतो. आमच्या वर्गात एकोणीस मुलेमुली आहेत. कोणाचा डबा स्टीलचा, कोणाचा प्लॅस्टिकचा, तर कोणाची नुसती फडक्यात बांधलेली भाकरी. आज मी आमच्या घरच्या डब्याविषयी लिहिणार आहे. आमचा डबा आजी भरते.

माझे आई-आप्पा दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुकादमाचा ट्रॅक्टर येतो. त्यात भांडी, पीठ, अंथरूण आणि कोपीचे सामान भरतात. मग ते पाडव्याच्या सुमारास परत येतात. तोपर्यंत घरात आजी, मी आणि माझा धाकटा भाऊ असे तिघेच असतो. भाऊ पहिलीत आहे. घरात डबा करून देणारे कोणी नसले, तर लेकरांना आईबरोबर फडावर जावे लागते. तेथे उसाच्या पाचटात दिवस जातो आणि शाळा बुडते. काही गावांत अशा मुलांसाठी सरकारचे हंगामी वसतिगृह असते. आमच्याकडे आजी आहे. म्हणून मी म्हणते की डबा ही साधी गोष्ट नाही. आजीच्या डब्यामुळे आम्ही दोघे शाळेत आहोत.

कोणी विचारील, शाळेत खिचडी मिळते, मग डबा कशाला? खिचडी आम्हाला आवडते. बाईंनी एकदा फळ्यावर लिहून दिले होते की, पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण असते. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. माझी आई शाळेत होती तेव्हा शिजवलेले मिळत नव्हते. महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत घेऊन ती घरी यायची. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्यायला सांगितले. तेव्हापासून हळूहळू सगळीकडे शाळेत चूल पेटली. पण आमच्या सोलापूर जिल्ह्यात भाकरी पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. शाळा सुटायला संध्याकाळ होते. म्हणून आम्ही खिचडीबरोबर घरची भाकरीपण खातो.

भाकरी रोज ज्वारीचीच असते. आमच्या भागातली ज्वारी रब्बीची. ती भाद्रपद-आश्विनात पेरतात आणि काळ्या रानातल्या ओलीवर येते. मालदांडी ज्वारीची भाकरी पांढरी आणि गोड लागते. आमच्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०२३ हे वर्ष तर सगळ्या जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले. पण माझ्या भावाला हे सांगून काय उपयोग? तो म्हणतो, "रोज रोज भाकरीच का गं?"

यंदा आई-आप्पा गेले तेव्हा तो फार रडला. ट्रॅक्टरच्या मागे पळाला. दुसऱ्या दिवशी त्याने डबा तसाच परत आणला. तिसऱ्या दिवशीपण तसाच. म्हणाला, "मला आईकडं जायचंय, मला शाळा नगं." शेजारच्या काकू आजीला म्हणाल्या, "लेकरू झुरंल. धाडून द्या त्याला आईकडं." आजी काही बोलली नाही. तिने डबा घासून पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी आजीने डबा भरला आणि झाकण घट्ट लावले. भावाला म्हणाली, "यात काय हाय ते वळख बघू. पर घरात उघडायचं न्हाई. शाळंत जाऊनच उघडायचा." भाऊ वाटभर डबा हलवून बघत होता. वास घेत होता. सुट्टीत उघडला तर आत धपाटे आणि गुळाचा खडा! त्या दिवशी त्याने डबा चाटूनपुसून खाल्ला. तेव्हापासून आमच्या घरी हा खेळ रोज चालतो. मला सगळे माहीत असते, कारण मी आजीला मदत करते. पण मी सांगत नाही.

आजी म्हणते, "भाकरी एकच असली तरी तोंडी लावणं रोज येगळं पायजे." तिने सहा दिवस ठरवून टाकले आहेत.

सोमवारी मटकीची सुकी उसळ. शनिवारी रात्री मटकी भिजत घालायची. रविवारी सकाळी पाणी काढून फडक्यात बांधायची. थंडीत मोड लवकर येत नाहीत, म्हणून आजी गाठोडे चुलीजवळ उबेला ठेवते. सोमवारी सकाळी मोड फडक्यातून बाहेर डोकावतात. गाठोडे बांधायचे काम माझ्याकडे आहे.

मंगळवारी बाजारातली ताजी भाजी, कारण आमचा बाजार सोमवारी भरतो. वांगे, गवार किंवा मेथी असते. वांग्यात आजी शेंगदाण्याचे कूट भरते. पण रस आटवून घेते, नाहीतर दप्तरात तेल सांडते आणि पुस्तकाला डाग पडतात.

बुधवारी पालेभाजी. थंडी सुरू झाली की हरभऱ्याची भाजी असते. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले की झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणून रानवाले खुडू देतात. हरभऱ्याच्या पानावर आंब असते, त्यामुळे भाजी जरा आंबट लागते. आजी ही भाजी वाळवून मडक्यात भरून ठेवते. उन्हाळ्यात ओली भाजी मिळत नाही तेव्हा ती कामाला येते. सध्या हरभऱ्याला घाटे आले आहेत, म्हणून पाल्याऐवजी सोलाण्याची उसळ असते.

गुरुवारी झुणका नाहीतर पाटवड्या. पिठले डब्यात पातळ होते आणि गळते. म्हणून आजी झुणका कोरडा करते. पाटवडीसाठी बेसनाचे पीठ शिजवून ताटात थापायचे. गार झाले की सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडायचे. भावाला हा डबा लई आवडतो. तो वड्या मोजून खातो.

शुक्रवारी धपाटे. ज्वारीच्या पिठात थोडे गव्हाचे आणि थोडे बेसन घालायचे. लसूण, मिरची, तीळ, मीठ, कोथिंबीर घालून मळायचे. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे. धपाटा गार झाला तरी चांगला लागतो. त्याच्याबरोबर भाजी लागत नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. घाई होते. म्हणून शनिवारी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कडक भाकरी आमच्या सोलापूरकडची प्रसिद्ध आहे. भाकरी पातळ थापायची आणि मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत शेकायची. तिच्यात ओल राहत नाही, म्हणून ती पुष्कळ दिवस टिकते. चटणी उखळात कुटायची. कुटून कुटून शेंगदाण्याला तेल सुटते आणि चटणी तांबडीलाल होते. तिलाही पाणी लागू द्यायचे नाही.

याशिवाय सणावाराचे डबे निराळे. भोगीच्या दुसऱ्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि राहिलेली भाजी असते. शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या तर त्या दोन दिवस पुरतात. रानात शाळू हुरड्यात आला की पुडीत भाजलेला हुरडा मिळतो. उन्हाळ्यात कैरी किसून तिखट-गूळ घालून तक्कू करतात.

डबा भरायचे आजीचे नियम आहेत, ते मी सर्वांसाठी लिहिते. गरम भाकरी लगेच डब्यात कोंडू नये. तिला वाफेने पाणी सुटते आणि दुपारी वास येतो. आधी टोपलीत गार होऊ द्यावी, मग फडक्यात गुंडाळावी. चटणी भाकरीच्या घडीत ठेवावी. कांदा घरी चिरून नेऊ नये. अख्खा न्यावा आणि शाळेत बुक्कीने फोडावा. उन्हाळ्यात ओल्या खोबऱ्याची चटणी देऊ नये, ती लवकर आंबते. रात्रीची भाजी सकाळी वास घेऊन मगच भरावी.

आजी शाळेत गेलेली नाही. पण बाई म्हणाल्या, "तुझी आजी बरोबर करते. ज्वारीत जे कमी असते ते डाळीत असते, म्हणून दोन्ही बरोबर खावे." तिळात कॅल्शियम असते, ते हाडांना लागते. पालेभाजीत लोह असते. तिच्यावर लिंबू पिळले तर ते लोह अंगाला जास्त लागते. मी हे घरी सांगितले तेव्हा आजी हसली. म्हणाली, "बघ, लिंबाचं झाड दारात हाय आन् मला ठावं नव्हतं." तेव्हापासून बुधवारी डब्यात लिंबाची फोड येते.

पौष महिन्यात आजीला ताप आला. दोन दिवस ती उठली नाही. काकूंनी भाजी आणून दिली, पण म्हणाल्या, "आता फोन करून पोरांना तिकडं पाठवावं लागंल." मला धस्स झाले. मला अजून चुलीवर भाकरी थापता येत नाही. पण डब्यात शनिवारच्या कडक भाकऱ्या शिल्लक होत्या. मी त्या हाताने चुरल्या. त्यात कांदा, शेंगदाण्याची चटणी, थोडे तेल आणि मीठ घातले. वर लिंबू पिळले. दोन डबे भरले आणि झाकणे घट्ट लावली. भावाला म्हटले, "वळख बघू." त्याला ओळखता आले नाही. सुट्टीत त्याने उघडले आणि ओरडला, "भाकरीची भेळ!" सगळी मुले बघायला आली. दुसऱ्या दिवशी मी तेच केले, फक्त त्यात गूळ आणि भाजलेले शेंगदाणे घातले. आजी अंथरुणावरून बघत होती. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि काकूंना म्हणाली, "लेकरं कुठं बी जाणार न्हाईत."

आमच्या वर्गात रोज कोणाचा ना कोणाचा डबा नसतो. कोणाची आई पहाटेच खुरपायला गेलेली असते. कोणाच्या घरी दोन दिवस दळण झालेले नसते. बाई कधीच विचारत नाहीत की कोणी डबा आणला नाही. आमच्या गोलाच्या मध्ये एक ताट असते. खायला सुरुवात करायच्या आधी प्रत्येकाने आपल्या डब्यातले थोडे ताटात टाकायचे. मग ज्याला जे पाहिजे ते ज्याने त्याने घ्यायचे. त्या ताटात एका वेळी उसळ, ठेचा, मेथी, लोणचे, चपाती आणि शेव असे सगळे असते. एवढे पदार्थ तर लग्नाच्या पंगतीतपण नसतात! काही मुले दुकानातली पाच रुपयांची पुडी आणतात. ती पुडीपण ताटात फोडतात. ती लगेच संपते, पण पोट भरत नाही. भाकरी मात्र सगळ्यांना पुरते.

माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी निराळा कोणता डबा करतात तो कागदावर लिहून या लेखाच्या खाली चिकटवा. आजीला वाचता येत नाही, पण मी तिला वाचून दाखवीन. तिला रविवारी नवीन काहीतरी करून बघायला आवडते.

२६ जानेवारीला झेंडावंदनाला आलेल्या पालकांना माझी विनंती आहे. पुढच्या दिवाळीनंतर तुम्ही कामाला बाहेरगावी जाणार असाल, तर आपल्या लेकरांना येथेच ठेवा. घरी आजी, काकू, मावशी जी कोणी असेल तिला सांगा की रोज दोन भाकरी जास्त थापा. डब्यात काय घालायचे ते मी वर लिहिले आहे. त्यातले पुष्कळ घरात नाहीतर रानात मिळते.

माझे आई-आप्पा आज फडावर आहेत. त्यांना झेंडावंदनाला येता आले नाही. म्हणून हा कागद पाडव्यापर्यंत भिंतीवरून काढू नका, असे मी बाईंना सांगितले आहे. बाई हो म्हणाल्या आहेत.