तलवार आणि विनंतीपत्र

दिवाळीच्या सुट्टीहून परतणारी आमच्या वसतिगृहातील मुले अलीकडे जपानी ॲनिमेच्या गोष्टी बरोबर घेऊन येतात. नववीतल्या एकाच्या इतिहासाच्या वहीत, शेवटच्या पानावर, एका सामुराईचे सुरेख चित्र होते. हा कोण, म्हणून विचारले. "साईतो हाजिमे, सर. 'हाकुओकी'तला. तो फार बोलत नाही, पण आपल्या माणसांना कधी दगा देत नाही." मग मीही त्या मालिकेचे काही भाग पाहिले.

माणसाला रक्तपिपासू करणारे औषध वगैरे कल्पनेचा भाग सोडला, तर हा साईतो इतिहासातला आहे. जन्म १८४४. शोगुनच्या बाजूने लढणाऱ्या शिन्सेनगुमी पथकातील एका तुकडीचा तो नायक होता. शोगुनशाही कोसळल्यावर त्याने नाव बदलले, तोक्योच्या पोलीस दलात नोकरी धरली आणि १८७७ च्या बंडात नव्या सरकारच्या बाजूने लढला. त्याच्या धन्यांना ज्याने धुळीस मिळवले, तेच हे सरकार! तेव्हा निष्ठा नेमकी कोणाशी, हा प्रश्न मी वर्गात मांडला.

आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही. सामुराईच्या चिलखताला लागणारे कातडे कमावणारा समाज जपानमध्ये अस्पृश्य मानला जाई. १८७१ मध्ये कायद्याने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला, तरी विटाळ गेला नाही. अखेर १९२२ साली क्योतो येथे त्यांनी 'सुईहेईशा' ही आपली संघटना स्थापन केली. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधीची ही घटना. हे ऐकताना वर्ग अगदी शांत होता.

"सर, आपल्याकडे असे योद्धे नव्हते का?" हा प्रश्न येणारच होता. डिसेंबरच्या अखेरीस बडनेरा जंक्शनवर पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना निळ्या झेंड्यांसह जी गर्दी होते, ती या मुलांनी पाहिलेली आहे. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' या प्रत्ययाने संपणारी नावे आहेत, ती आपल्या पूर्वजांची. १ जानेवारी १८१८ रोजी, रात्रभर चालून आलेले ते सैनिक दिवसभर अन्नपाण्यावाचून लढले. बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे जाऊन मानवंदना दिली. काही विद्वान या लढाईला इंग्रजांची चाकरी म्हणून हिणवतात. ज्याला गावात सावलीसुद्धा जपून टाकावी लागे, त्याच्या हाती शस्त्र येणे म्हणजे काय, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

पण त्या इमानाचे फळ काय मिळाले? १८९० नंतरच्या काही वर्षांत, 'लढाऊ जाती'चा नवा सिद्धांत पुढे करून इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. ॲनिमेतला वीर अशा वेळी दात आवळून, मौन धरून बर्फात चालू लागतो. आमचे योद्धे मात्र गप्प बसले नाहीत, आणि मला त्यांचा हाच गुण मोठा वाटतो. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध विनंतीपत्र लिहिले. अस्पृश्य हे मूळचे क्षत्रिय, हा त्यातील युक्तिवाद इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला पटत नाही. माणूस असणे एवढा हक्क पुरेसा होता. तरीही पलटणीत शिकलेली अक्षरे पलटणीच्याच मालकाला जाब विचारण्यासाठी वापरणे, हे धैर्य तलवारीच्या धैर्याहून कमी नव्हते. सैन्यातील शिपायांना व त्यांच्या मुलांना मिळालेले शिक्षण हीच त्या नोकरीची खरी कमाई. सुभेदार रामजी सकपाळ त्याच सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या घरी, महू येथे, १८९१ मध्ये कोण जन्मले हे या स्मरणिकेच्या वाचकाला सांगायला नको.

वलंगकरांविषयी आता मी दरवर्षी वर्गात एक तास सांगतो. गेल्या वर्षी एका मुलीने विचारले, "सर, मग भरती सुरू झाली का?" पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध सरल्यावर मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. वलंगकर १९०० सालीच गेले होते. तिने फळ्यावर वजाबाकी करून ४१ हा आकडा लिहिला आणि खाली बसली.