जुन्या इंजिनाला नवा बॉयलर

वाफेच्या इंजिनांच्या जतनावर लिहा असं संपादकांनी सुचवलं आणि सोबत एक शंकाही जोडली: मूळ रिव्हेट मारून बांधलेल्या इंजिनावर वेल्डिंगचा बॉयलर चढवला, तर ते इंजिन अस्सल राहतं का, आणि सुरक्षित राहतं का? इंग्लंडमधल्या 'टोर्नेडो'बद्दल हेच विचारलं जातं. अभियंता पेपरकॉर्न यांच्या ए-१ वर्गाची ४९ इंजिनं १९४८-४९ मध्ये बांधली गेली आणि एकूण एक भंगारात गेली. पुढे लोकांनी वर्गणी काढून डार्लिंग्टनला पन्नासावं इंजिन नव्यानं उभं केलं. तेच 'टोर्नेडो', २००८ साली धावू लागलं. त्याचा बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेनच्या कारखान्यात पूर्णपणे वेल्ड करून बनवलेला आहे. असा बॉयलर पाहून मला चिंता वाटत नाही. धास्ती वाटते ती जुन्या, रिव्हेटच्या बॉयलरवर वेळोवेळी चढवलेल्या वेल्डिंगच्या ठिगळांची. लोकांची भीती मात्र नेमकी उलट्या दिशेला असते, आणि हे समजावून सांगताना आता थकायला होतं.

थोडं गणित टाळता येणार नाही. बॉयलरचा गोल भाग सहा फूट व्यासाचा आणि दाब चौरस इंचाला २५० पौंड धरला, तर लांबीच्या प्रत्येक इंचावर प्लेट ९,००० पौंडांनी, म्हणजे चार टनांहून अधिक जोरानं ओढली जाते. हा ताण लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या जोडावर येतो. गोल फिरणाऱ्या जोडावर याच्या निम्मा. म्हणून बॉयलरवाल्याची नजर आधी लांबीच्या जोडावर जाते. रिव्हेटसाठी तिथे भोकं पाडावी लागतात, आणि पोस्टाची तिकिटं जशी भोकांच्या ओळीवर फाटतात तशी प्लेटही त्याच ओळीवर कमजोर होते. एकावर एक प्लेट चढवून रिव्हेटची एकच ओळ मारलेल्या जोडाला अखंड प्लेटच्या निम्म्याहून थोडीच अधिक ताकद असते. आतून-बाहेरून पट्ट्या लावून केलेला चांगला जोड ८० टक्क्यांच्या पुढे जातो. संपूर्ण एक्स-रे काढून तपासलेला वेल्ड मात्र अखंड प्लेटच्या बरोबरीचा धरला जातो. वेल्डिंगनंतर सगळं भांडं भट्टीत सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून सावकाश थंड केलं, की वेल्डिंगमुळे धातूत अडकलेला ताणही बराचसा निघून जातो. हे सगळं कागदावर राहतं, फिल्मवर राहतं. रिव्हेटच्या जोडाच्या पोटात काय चाललंय हे त्याच्या सोनेरी काळातही कुणाला दिसत नव्हतं.

यावर जुन्या जाणकारांचा आक्षेप ठरलेला: रिव्हेटचा जोड आधी गळतो, इशारा देतो, वेल्ड एकदम फाटतो. आक्षेप ऐकायला पटतो. पण एकावर एक चढवलेल्या प्लेटा कधीच खरं वर्तुळ बनवत नाहीत. दर वेळी दाब चढला की त्या जागी प्लेट किंचित वाकते, उतरला की परत येते, आणि वरच्या प्लेटच्या आड, न दिसणाऱ्या जागी चीर वाढत जाते. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन इथे २० मार्च १९०५ रोजी ग्रोव्हर बूट कारखान्याचा बॉयलर फुटून ५८ माणसं गेली, ती अशाच जोडातल्या लपलेल्या चिरेमुळे. अमेरिकेतली बॉयलरची संहिता त्यानंतरच्या दशकात आली. गळतीला इशारा म्हणणंही मला मान्य नाही. पाणी झिरपून वाफ होतं, त्यातला क्षार फटीत साचून तीव्र होत जातो आणि ताणाखालच्या पोलादाला भोकापासून भोकापर्यंत तडे पाडतो. म्हणजे जिला इशारा मानलं, ती गळतीच रोगाचं कारण ठरते.

वेल्ड एकदम फाटतो, यात तथ्याचा अंश आहे. 'शेनेक्टडी' हे वेल्ड केलेलं टँकर जहाज जानेवारी १९४३ मध्ये पोर्टलंडच्या गोदीत, शांत पाण्यात उभं असताना दुभंगलं. पण त्या घटनेत थंडी होती आणि थंडीत ठिसूळ होणारं पोलाद होतं. २५० पौंड दाबाच्या बॉयलरमधलं पाणी २०० अंशांच्या वर असतं. तिथे हा ठिसूळपणा उरत नाही. नाजूक क्षण येतो तो पाण्याच्या दाबानं थंड चाचणी घेताना, म्हणून ती कोमट पाण्यानं घ्यावी याबद्दल मी आग्रही असतो.

आता ठिगळांचं. जुन्या प्लेटमध्ये कार्बन किती, गंधक किती, याचा दाखला बहुधा नसतो. कार्बन जास्त असेल तर वेल्डच्या कडेची पट्टी कडक होते आणि तडकते. म्हणूनच अमेरिकी रेल्वे नियमांत ०.२५ टक्क्यांहून अधिक कार्बन असलेल्या प्लेटवर, स्टेंचा, म्हणजे भिंती बांधून धरणाऱ्या दांड्यांचा, आधार नसलेल्या भागात वेल्डिंग करायचं तर आधी परवानगी मागावी लागते. नियम शहाणा आहे, आणि तो नव्या बॉयलरला भ्यायचं कारण नाही हेही सांगतो: तिथे प्लेटचा दाखला प्लेटसोबतच येतो. शिवाय जतन केलेल्या इंजिनांच्या अपघातांत जोडाचा दोष क्वचितच निघतो. अमेरिकेतल्या गेटिसबर्गला जून १९९५ मध्ये १२७८ क्रमांकाच्या इंजिनाच्या फायरबॉक्सचं, म्हणजे आगीच्या पेटीचं, छत फाटलं आणि तिघं भाजले. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळीच्या वाटा क्षारानं भरल्या होत्या, पाणी कमी झालं ते कळलंच नाही. छत पाण्याबाहेर उघडं पडून लाल झालं, की रिव्हेट असो वा वेल्ड, काहीच वाचवू शकत नाही.

अस्सलपणाचा मुद्दा मला फारसा अडवत नाही. बॉयलर ही इंजिनाची बदलती वस्तू होती; 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे प्रसिद्ध इंजिनसुद्धा कित्येक वर्षं दुसऱ्याच, ए-४ वर्गाच्या बॉयलरवर धावलं. जर्मनीत तर १९५० पासून आलेल्या २३ वर्गाची इंजिनं मुळातच वेल्डिंगच्या बॉयलरची. तिथे वेल्ड हाच इतिहास आहे.

मग शंका कुठे ठेवायची? आपल्या साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांत ६७, ८७, अगदी ११० किलो दाबाचे बॉयलर चालतात आणि त्यांचे ड्रम वेल्ड केलेलेच असतात. हा दाखला मी देतो तेव्हा एक गोष्ट कबूल करायला हवी: ड्रम गोल असतो, इंजिनाचा फायरबॉक्स चौकोनी. त्याच्या सपाट भिंती शेकडो स्टेंनी बाहेरच्या प्लेटला बांधलेल्या असतात, आतली भिंत आगीनं फुगते, बाहेरची मागे राहते, आणि सगळी ओढाताण खालच्या फाउंडेशन रिंगजवळ नि कडेच्या स्टेंवर येते. २०११ मध्ये 'टोर्नेडो'चा बॉयलर दुरुस्तीसाठी पुन्हा मायनिंगेनला न्यावा लागला, तो फायरबॉक्सच्याच दुखण्यांसाठी. गोल भागातल्या वेल्डनं त्रास दिला नव्हता. कोपऱ्यांतल्या वेल्डचा एक्स-रे नीट निघत नाही, हेही खरं. तिथे लवचीक स्टे जास्त हवेत, तापवणं सावकाश हवं, आणि दर वॉशआउटला, म्हणजे बॉयलर धुताना, दिवा आत घालून त्या कोपऱ्यांची पाहणी करून नोंद व्हायला हवी. इंजिन पाहायला गेल्यावर बॉयलर कसा जोडला आहे हे विचारणाऱ्यांनी ती नोंदवही मागावी.