व्याह्यांसोबत दर्यावर

माळव्यात येऊन स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांचा समुद्राशी संबंध जुना आहे आणि आता पुसटही आहे. कुणाचे मूळ गाव राजापूरकडचे, कुणाचे गुहागरकडचे. आडनावांत आणि कुलदैवतांच्या पत्त्यांत कोकण शिल्लक राहिले आहे, परंतु पोहायला आपण शिकलो ते तरणतलावात किंवा नर्मदेच्या घाटावर. होळकरांच्या पदरी आलेल्या पूर्वजांनी घोडे सांभाळले, दप्तरे सांभाळली. गलबत कुणी सांभाळले नाही. आमचे घर भंवरकुआंला. नावात भोवरा आहे, विहीर आहे. समुद्र मात्र शेकडो किलोमीटरांवर. नळाला येणारे पाणीसुद्धा १९७८ पासून नर्मदेचे, जलूदहून डोंगर चढवून आणलेले. अशा ठिकाणी बसून शीड, होडी आणि पाण्याखालची बुडी यांची टिपणे काढणे हा काहीसा हास्यास्पदच उद्योग. परंतु गेले चार महिने आम्ही उभयता तोच करीत आहोत.

त्याला कारण आमचे व्याही. तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलीचे लग्न पुण्यात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे झाले. जावई कोकणी मुसलमान, मूळ मुरूडचे. तीस दिवस नोटीस फळ्यावर राहिली, सह्या झाल्या, दोन्हीकडच्या मोजक्या मंडळींनी एका पंक्तीत जेवण केले आणि जो तो आपापल्या गावी परतला. त्यानंतरचे नाते फोनवरचे. ईदला आम्ही मुबारक म्हणायचे, दिवाळीला त्यांनी शुभेच्छा द्यायच्या. मराठीत व्याही हा शब्द एवढ्यावर भागणारा नाही. व्याह्यांच्या घरची चव कळावी लागते, त्यांच्या म्हाताऱ्या माणसांचे पथ्य ठाऊक असावे लागते, रुसवेफुगवेही व्हावे लागतात. रुसण्याइतकीही जवळीक आमच्यात झालेली नव्हती. म्हणून मुलीने सुचवले की दोन्ही घरच्या दहा-अकरा माणसांनी पाच-सहा दिवस समुद्रावर एकत्र राहावे. जावयांना पाण्याखाली उतरण्याचा छंद आहे, व्याह्यांच्या वाडवडिलांनी तांडेलकी केलेली. प्रश्न एवढाच होता की जागा अशी हवी, जिथे त्यांना आपल्या नेमाबद्दल संकोचावे लागणार नाही.

आम्ही प्रथम नेम समजून घेतला. हलाल म्हणजे केवळ मांस कापण्याची पद्धत, अशी आपल्याकडे समजूत असते. वस्तुतः तो शब्द ‘अनुज्ञात’ एवढ्या व्यापक अर्थाचा आहे. मद्य आणि डुकराचे मांस वर्ज्य. अन्य मांस विधिपूर्वक कापलेले हवे. मासळीला मात्र त्या विधीची गरज नाही. भाजी-आमटी-भाताला हरकत असण्याचे कारणच नाही. इंदुरातले बहुसंख्य सुन्नी हनफी परंपरेचे, त्यांच्यात कोळंबीबद्दल मतभेद आढळतात. कोकणी मुसलमान शाफई, त्यांना कोळंबी निःशंक चालते. शाफई परंपरेत प्रवाशाला सवलतीही आहेत. चार रकातींची नमाज दोन रकातींची करता येते, दुपारच्या दोन आणि सांजरात्रीच्या दोन नमाजा जोडता येतात. हे वाचताना आम्हांला आमच्या आत्याबाईंची आठवण होत होती. सोवळ्यासंबंधी त्यांचेही असेच म्हणणे असते की प्रवासात शास्त्राने सूट दिलेली आहे, फक्त ती किती घ्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे.

मग ठिकाणांची चर्चा सुरू झाली. मालदीवचे नाव सर्वप्रथम निघाले. तिथल्या वस्तीच्या बेटांवर मद्यबंदी आहे, सगळे अन्न हलाल. पण पर्यटकांची खास बेटे आणि मुक्कामी सफारी नौका यांवर मद्य चालते. म्हणजे वस्तीच्या बेटावरचे साधे अतिथिगृह आपल्याला योग्य. तथापि अकरा माणसांचा विमानखर्च मांडल्यावर चर्चा आपोआप थांबली. लक्षद्वीप त्याहून जवळचे वाटले. तिथली वस्ती २०११ च्या जनगणनेनुसार अवघी ६४ हजारांची आणि शेकडा ९६ हून अधिक मुसलमान. बंगारम सोडल्यास दारूबंदी. कदमतला प्रवाळांमध्ये बुडी मारण्याची उत्तम सोय. कोचीपर्यंत जायला आपली अहिल्यानगरी एक्सप्रेस आहेच. अहिल्यादेवींच्या नावाच्या गाडीतून निघून अरबी समुद्रातल्या बेटावर उतरण्याची कल्पना आम्हांला फार आवडली. परंतु प्रवेशाचा परवाना, मर्यादित जागा, जहाजाचे पंधरा-सोळा तास आणि आत्याबाईंचे ७८ वर्षांचे गुडघे, हे गणित जमेना.

शेवटी व्याह्यांनीच फोनवर सांगितले, ‘‘एवढं दूर कशाला? आमच्या मुरूडला या. तिथून मालवणला जाऊ.’’

मुरूडचे नाव निघताच आमच्यातला जुना मराठा किंचित जागा झाला, हे सांगायला हवे. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने ज्या जंजिऱ्याला जातात, तो शिवछत्रपतींना घेता आला नाही. संभाजीराजांनी १६८२ साली खाडीत भराव घालण्यापर्यंत प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाही. आणि आता आम्ही तिथे पाहुणे म्हणून जाणार! व्याही हसून म्हणाले, ‘‘सिद्दीही गेले, होळकरही गेले. आता दरवाजा उघडाच असतो.’’ ते खरेच आहे. जंजिरा आणि इंदूर ही दोन्ही संस्थाने १९४८ सालीच विलीन झाली. शिवाय हा इतिहास वाटतो तितका सरळ दोन फळ्यांत विभागलेला नाही. मराठ्यांच्या आरमाराचा एक प्रमुख सरदार दौलतखान होता. आपली दर्याची भाषाच पाहा. सुकाणू अरबी, खलाशी अरबी, बंदर आणि दर्या फारसी, नाखवा फारसीतल्या नाखुदाचा. ज्या मान्सूनची आपण जूनमध्ये वाट पाहतो तोही मूळचा अरबी मौसम. हे शब्द मराठीने ज्यांच्यासोबत वल्हे मारताना उचलले, त्यांच्याच वंशातली माणसे आता आमच्या मुलीच्या सासरची आहेत. खारे वारे आणि मतलई वारे आम्ही शाळेच्या भूगोलात पाठ केले. व्याहीबुवांनी होडी केव्हा सोडायची आणि केव्हा परतायची हे त्या वाऱ्यांवरून सांगितले.

तारखा ठरवायला पंचांग आणि हिजरी कालगणना शेजारी शेजारी ठेवून बसलो. आपले पंचांग चांद्र असले तरी अधिक महिना घालून सण ऋतूंना बांधून ठेवते. हिजरीत ती तजवीज नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि तेहेतीस वर्षांत सर्व ऋतू हिंडून येतो. २०२७ साली तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो. कोकणात पाण्याखालचे दिसायला हिवाळा उत्तम, पावसाळ्यात हे सारे बंद. डिसेंबरात आमच्या घरी चंपाषष्ठीचे नवरात्र, शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावर नाताळची गर्दी आणि मद्याचा महापूर. सर्व वजा जाता संक्रांत आणि रमजान यांच्या मधले तीन आठवडे उरले. तिळगूळ देऊन निघायचे आणि पहिल्या रोज्यापूर्वी परतायचे, असा मुहूर्त निघाला.

एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. किनाऱ्यावरच्या एका निवासाचे बोलणे जवळजवळ पक्के झाले होते. माणसांची यादी मागितली म्हणून आम्ही अकराही नावे वाचून दाखवली. पलीकडे क्षणभर शांतता झाली आणि खोल्या भरल्याचे अतिशय सौजन्याने सांगण्यात आले. आमच्या आयुष्यात आमचे आडनाव ऐकून कुणी दार लावले नव्हते. ती शांतता व्याह्यांच्या घराला किती वेळा ऐकावी लागली असेल, याचा अंदाज त्या दिवशी प्रथम आला. त्यांना आम्ही कळवले तेव्हा त्यांनी नवल दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका ओळखीच्या कुटुंबाचे आख्खे घर मिळवले, स्वयंपाकघरासह.

स्वयंपाकघर म्हटल्यावर आम्ही आमची प्रश्नावली सरसावून बसलो. कोंबडी कुणाकडून आणायची, तळणाचे तेल वेगळे हवे काय, नमाजेसाठी पश्चिमेकडची खोली मिळेल काय. विहीणबाईंनी पहिलाच प्रश्न आम्हांला विचारला, ‘‘ताई, आत्यांच्या भांड्यांचं काय करायचं? एक चूल त्यांच्यासाठी निराळी ठेवू ना?’’ आम्ही चार महिने त्यांच्या नेमाची टिपणे काढीत होतो आणि त्या तेवढाच काळ आमच्या नेमाची काढीत होत्या. सगळ्यांनी पाचही दिवस शाकाहार करावा म्हणजे कटकट मिटेल, अशी सूचना आमच्याकडून एकाने केली होती. ती आम्ही दोघांनी मानली नाही. ज्यात एकाच बाजूने सोडायचे असते, त्याला सोय म्हणता येईल, आतिथ्य नव्हे. दोन चुली राहतील, पंक्ती मात्र एक.

बाकीचे तपशील सरळ आहेत. बुड्या तारकर्लीला, महाराष्ट्र पर्यटन महामंडळाच्या संस्थेत, जिथे आधी तलावात सराव करून घेतात. दहा वर्षांखालील मुलांना बुडी नाही. दमा वा हृदयविकार असल्यास वैद्याचा दाखला. वेटसूट गळ्यापासून घोट्यापर्यंत असल्याने विहीणबाईंच्या आणि आमच्या संकोचावर एकच तोडगा निघाला. बुड्या सकाळी, म्हणजे दुपारच्या नमाजेपूर्वी सर्व किनाऱ्यावर. अनेक बुड्यांनंतर निदान अठरा तास विमानात बसायचे नसते. आम्ही रेल्वेने परतणार, तरी घाट चढण्यापूर्वी एक दिवस मोकळा ठेवला आहे. सूर्यास्ताची होडीसफर तेवढी गाळली. कारण मगरिबची नमाज सूर्य बुडताच, आणि नेमकी तीच आत्याबाईंची दिवेलागण. दोघींनाही त्या वेळी जमिनीवर असायचे आहे.

यादीत अकरा नावे आहेत, पण होकार दहांचे. अकरावे नाव आमच्या थोरल्या बंधूंचे. ते लग्नाला आले नव्हते, आणि या बेतावर त्यांनी अद्याप हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. परवा फक्त एवढे विचारले की जंजिऱ्याची होडी अजून शिडावरच चालते काय. आम्ही चालते म्हणून सांगितले. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. त्या सकाळी आम्ही अकरा तिकिटे काढणार आहोत.